शनिवारचे मामाजी

माहं माहेर जामचं, रोडावर आमचं चहाचं दुकान, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलाची सवय मले लहानपणापासूनच, अन् देली कुठं तं रोहण्याले, जिथं सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडाचं नाई, डोक्शावर पदर, काई सांगाचं असन तं दाराआडून पोरीले सांगा, पोरगी आबाले सांगन. काय सांगू तुमाले, जीव गुदमरे माहा.

सासरे म्हणजे आमचे मामाजी, कास्तकार, माणूस लय चांगला. सासू गेली अन् गावात पयला टीव्ही आला त्या साली त्याईचं इसरणं सुरू झालं. जेवून हात धुतला का अर्ध्या घंट्यानं ओट्यावर जाऊन म्हणत, सुनेनं वाढलंच नाई. सारी आळी ऐके. विहिरीवर बाया मले म्हणत, काऊन वं, बुढ्याले उपाशी ठेवतं काय? मी घरी येऊन रडो.

आमचे हे वर्ध्याले नोकरीवर, शनिवारी येत. अन् शनिवारी मामाजी असे चोख का पुसू नका, दाढी केलेली, धोतर धुतलेलं, जुन्या बैलजोड्याईचे नावं धडाधडा सांगत. हे म्हणत, बाबा ठणठणीत हायेत, तुह्याच जिवावर येऊन राह्यलं त्याईचं कराचं. असा राग ये मले!

एक दिवस मामाजी वावरात गेलते, घरी आलेच नाई, सापडले दुसऱ्याच शिवारात, नाल्याच्या काठी बसून. तवा हे घाबरले, वर्ध्याले डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं विचारलं, इसरतात का? हे म्हणे, तसं काई नाई, सारं याद हाय त्याईले, त्या दिवशी रस्ता चुकला फक्त. मामाजी समोर, मी कोपऱ्यात दात चावून उभी. डॉक्टर म्हणे, दिवसभर याईच्याजवळ कोण राह्यते? मंग नाई राहवलं मले. बोलली बापा, सारंच बोलली, वरतून हेबी म्हटलं का त्याईच्यानं आता काईच होत नाई. तं मामाजीच मान वर करून म्हणे, होत नाई कसं? अंबाडीचा वाख आणा, दोर वळून दाखवतो.

डॉक्टर हासला. म्हणे, पोरगा शनिवारचं सांगते, सून थकून सांगते. आठ दिवस दोघं मिळून पाहा, मंग या.

याईनं सुट्टी काढली. तिसऱ्या दिवशी सोताच्या हातानं बापाले भाकर-वरण वाढलं, अन् थोड्या वेळानं मामाजी ओट्यावर, सुनेनं वाढलंच नाई. हे तसेच उठले, साऱ्या आळीले ऐकू जाईन असं म्हणे, म्या वाढलं, माह्या हातानं, बाबा इसरतात, हिले कोणी नावं ठेवाचे नाई. मायबाई, माह्या डोयाले धारच लागली. अन् चुकलं तं माहंबी होतं. त्या आठ दिवसात पाह्यलं, वाख हातात देला का मामाजी दोर वळत बसत, एक पीळ चुकत नसे, मीच काळजीपोटी त्याईच्या हातचं काम काढून घेतलं होतं.

बरं होणं नाई, ते डॉक्टरनं सांगतलंच. पण आता वर्ध्याजवळ नालवाडीले खोली केली, सारे संग राह्यतो, मी मामाजीशी तोंडातोंडी बोलते, तेबी हासतात. कोणी पाहुणा आला अन् याईले विचारलं, बाबा कसे हायेत, तं हे म्हंतात, मले काय विचारता, हिले विचारा.