दाऊदच्या नखावरचा निळा रंग

बजाजनगरहून शहरात येणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन मित्र बसले होते. एकाच्या मांडीवर बुटांचा खोका होता आणि त्यात कापसावर ठेवलेले, पटावरच्या खेळातल्या सोंगट्यांसारखे लहान लहान हत्ती होते.

"दाऊद, नखाला निळा रंग कसा काय? माझ्या खेळात निळं कायच नाय."

"श्रेयानं नवा खेळ बनवलाय, इंद्रजीत. त्यातले घोडे रंगवले."

"कधी?"

"सोमवारी. थोडे मंगळवारी."

"मला तर म्हणलास, डोळे दुखतात."

"दुखतच होते. तुझे हत्ती तीनदा रंगवले ना!"

"नियम बदलले की रंग बदलणारच."

"तुझे नियम दर शुक्रवारी बदलतात. तिनं आधी शर्टाची बटणं मांडून महिनाभर खेळून बघितलं. मग रंगवायला दिलं."

"तू पण खेळलास?"

"गुरुवारी."

"कसाय?"

"बरा आहे."

"किती डाव झाले?"

"चार."

"माझ्या खेळाचा एक डाव झाला की तुला घरून फोन येतो."

"येतो ना यार."

"गुरुवारी नाय आला?"

"बंद ठेवला होता."

बस दोन थांबे पुढे गेल्यावर दाऊदनं हात पुढे केला.

"आण तो खोका. आता कोणता रंग पाहिजे हत्तींना?"

"राहू दे. उद्या बसणार का तिच्याकडं?"

"व्हय. चौथा भिडू शोधतोय."

"मी येतो. पण निळे घोडे मला पाहिजेत."

"निळ्यांनी मी खेळतो."

"म्हणूनच पाहिजेत."