ग्लॅडिस, त्याला सांग

...आणि वर माझ्या लॅपटॉपची वायर खाल्ली हो तिनं! पुन्हा! बरं, ओरडायची सोय नाही. का? तर ती मनाला आधार देते, तशी डॉक्टरांची चिठ्ठीच आहे! कोणाला? सोरेनला. सोरेन म्हणजे माझा रूममेट, आणि ती म्हणजे ग्लॅडिस. सशीण. पांढरी, ढोली, आणि चेहऱ्यावर कायम 'हे काय आता नवीन?' असा भाव.

तुम्हाला सांगतो, मी नॉर्थ डकोटातल्या शेतावरचा. गवताचा नुसता वास आला की शिंका सुरू. म्हणून तर शेत सोडून इकडे मिनेसोटात कॉलेजला पळालो, होस्टेलच्या खोलीचं दार उघडलं, तर समोर काय? गवत! पेंड्याच्या पेंड्या! आता चूक माझीच म्हणा. आधी होस्टेलमधून फोन आला होता ना मला, 'रूममेटचा एक छोटासा प्राणी आहे, चालेल ना?' आमच्याकडे 'चालेल ना' विचारल्यावर नाही म्हणायची पद्धतच नाही! अंगावरून ट्रॅक्टर गेला तरी माणूस म्हणतो, 'छे छे, विशेष काही नाही.' म्हटलं, चालेल.

तरी गेलो खाली रेक्टर डार्लीनबाईंकडे. बाई विणत बसलेल्या. म्हटलं, "बाई, सोरेनला झालंय तरी काय?" सुया खाली ठेवल्या बाईंनी! "ते विचारायचं नसतं, बाळा. आम्ही विचारत नाही, तूही विचारायचं नाहीस. बिस्कीट घे." घेतलं बिस्कीट. करतो काय? पण मला सांगा, शिंकतोय मी, वायर जातेय माझी, आणि आधार त्याला... यात नक्की कोण कोणाला धरून उभं आहे?

बरं, हा सोरेन माझ्याशी बोलतो का? छे! मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की 'हं.' पण ग्लॅडिसशी? धबधबा! "ग्लॅडिस, आज गणिताच्या तासाला मला काही कळेना, मधेच उठून आलो गं." आणि मी तिथेच, हातभर अंतरावर! उठून जावं तर उद्धटपणा, बसून ऐकावं तर चोंबडेपणा. शेवटी एकदा न राहवून मी पण म्हटलं, "ग्लॅडिस, त्याला सांग, मलाही ते गणित कळत नाही." सोरेननं माझ्याकडे बघितलं नाही. तिलाच म्हणाला, "त्याला विचार, एकत्र बसायचं का?"

झालं! तिथून सगळा कारभार तिच्यामार्फत. "ग्लॅडिस, त्याला म्हणावं खिडकी लाव." "ग्लॅडिस, त्याला म्हणावं रात्री घोरतोस." ती बिचारी मधे बसून गाजर खातेय. आता मला सांगा, नक्की कोण कोणाला धरून उभं आहे?

आणि मग पहिला बर्फ पडला, त्या दिवशी सोरेन बॅग भरता भरता म्हणतो, "ग्लॅडिस, नाताळला घरी गेलो की परत नाही यायचं आपण. मला नाही जमत इथे." अहो, एवढ्या मोठ्या कॉलेजात मी बोलतो कोणाशी? घरून वडिलांचा फोन येतो. "बर्फ आहे का तिकडे?" "आहे." "इथेही आहे." संपला फोन! मग काय, बसलो गुडघे टेकून त्या गवतात. "ग्लॅडिस, त्याला सांग... आक्छी!... तू गेलास तर मी... आक्छी!... मी एकटा पडेन रे. मला इथे दुसरं कोणी नाही!" ग्लॅडिसनं पाठ फिरवली. सोरेन बॅग भरायचा थांबला. मग म्हणाला, "ग्लॅडिस, त्याला रुमाल दे."

जानेवारीत आला हो परत! मी दार उघडतो तर सोरेन आहे, बॅग आहे, आणि... गवत नाही. पिंजरा नाही. भिंतीकडे बघत म्हणतो, "मला बरं वाटतंय आता. तिला आजीकडे ठेवली. आजीला गरज आहे." शिंका थांबल्या, वायरी शाबूत. मी नाचायला हवं ना? पण आता बोलायचं कसं? सरळ तोंडावर? एकमेकांच्या? काहीतरीच काय! दोघं आपले बसलोय, हा खिडकीकडे बघतोय, मी बुटांकडे. म्हटलं, गेला हा माणूस, खोलीत असून गेला.

शेवटी काल... सोरेननं घसा खाकरला, कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याला विचार, जेवायला येतोस का? आज मेसमध्ये बटाट्याचं हॉटडिश आहे."

फ्रिज घुर्र झाला. मी फ्रिजला म्हटलं, "आलोच म्हणावं."

कोण कोणाला धरून उभं आहे, हे विचारायचं मी आता सोडून दिलंय. निदान हा फ्रिज वायर तरी खात नाही.