कंडेन्सरचा एक पाय

चांगला वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर मुद्दाम बिघडवलाय का रे कुणी? मी बिघडवलाय. ट्रान्झिस्टर यायच्या आधी, व्हॉल्व्हच्या जमान्यात, नौपाड्यात राहायचो तेव्हा. घरीच जोडलेला होता. आवाजाला जोर देणारा, कॅथोडच्या रेझिस्टन्सवर टाकायचा कंडेन्सर मिळत नव्हता, म्हणून गाणं खाडीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. एका दुपारी तो मिळाला, जोडला, रोजची रेकॉर्ड लावली, आणि आवाज असा भरला की मीच हरखलो!

तेवढ्यात शेजारच्या कुसुमवहिनी दारात. कडेवर दात येणारं पोर, डोळे जागरणाने तारवटलेले. "भाऊजी, मशीन बिघडलं का हो? रोज या गाण्यावर झोपतो, आज किंचाळतोय."

"बिघडलं नाही वहिनी, आजच दुरुस्त झालंय." मी आवाज बारीक केला. पोर रडतच राहिलं.

"बारीक नको हो," त्या म्हणाल्या, "लांबचा हवा."

मी मशीन बंद करून कंडेन्सरचा एक तारेचा पाय पकडीने तोडला, पोराला मांडीवर घेतलं आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. गाणं परत खाडीपलीकडे गेलं. पोर झोपलं. उंबऱ्यात टेकलेल्या वहिनीही झोपल्या. रेकॉर्ड संपली, सुई नुसती खरखरत राहिली, पण ती उचलायचा मला धीर होईना.