चटकन दिलेलं उत्तर

आजी : एकाहत्तर साल. तेवढं बरोबर लिहिलंयस. आता पुढचं दाखव.

नात : आधी चष्मा घाल ना.

आजी : घातलाय. अगं बाई, ही मी? गाल किती बसलेत!

नात : आजी, गप्प बसून बघ. पाचच मिनिटांची फिल्म आहे. उद्या कॉलेजात दाखवायचीय.

आजी : थांब. जरा मागे घे. तू विचारतेस ना, नर्सिंग सोडलंस त्याचं मनात काही राहिलं का, तिथपर्यंत.

नात : हं, ऐक. 'मनात काही राहिलं का?' 'नाही गं.' छान आलंय ना? सरांनाही आवडलं.

आजी : मी असं चटकन 'नाही' म्हटलं नव्हतं.

नात : अगं, आवाज तुझाच आहे.

आजी : आवाज माझाच. पण मधे मी केवढा वेळ गप्प बसले होते!

नात : ते कापलं. नुसती खिडकीबाहेर बघत होतीस, मागे नळ ठिबकत होता. सर म्हणतात, अशा जागी बघणारा कंटाळतो.

आजी : आणि हे हसू कुठलं? मी हसले नव्हते.

नात : ते... मांजर कपाटावरून पडलं ना, तेव्हाचं. कापल्याचं कळू नये म्हणून काहीतरी जोडावं लागतं.

आजी : वा गं वा! मांजर पडलं आणि माझं मन मोठं झालं.

नात : टोमणे नको मारूस.

आजी : मग काय, पाठ थोपटू?

नात : बरं, गप्प बसलीस तेव्हा मनात काय होतं?

आजी : आईला अर्धांगवायू झाला. वडील म्हणाले, दोघींतली एक घरी हवी. माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष चाललं होतं, धाकटीला नुकतीच ॲडमिशन मिळाली होती. मीच म्हटलं, मी राहते. ती एकदा म्हणाली असती ना, 'ताई, तू जा, मी थांबते,' तरी मी थांबलेच असते. पण तिनं तोंड उघडलं नाही. खाली मान घालून ट्रंक भरत बसली. माझा पांढरा ॲप्रनसुद्धा घडी करून ठेवला आत.

नात : मग हे कॅमेऱ्यासमोर का नाही बोललीस?

आजी : बोलू की नको, तेच चाललं होतं मनात. मग वाटलं, कशाला आता. पण ते गप्प बसणं दिसलं असतं, तर उत्तर जड गेलं एवढं तरी कळलं असतं. ते परत घाल.

नात : आजी...

आजी : का? टाकून दिलंस?

नात : आहे माझ्याकडे. पण काल मावशीआजीला दाखवलं हे.

आजी : कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

नात : तिचे जुने फोटो घ्यायला गेले होते. तिनंच हट्ट धरला. मग तेवढाच तुकडा सारखा लावायला सांगत होती. रडली गं. म्हणाली, 'बघ, ताईला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी मेली इतकी वर्षं उगाच जिवाला लावून घेतलं.'

(आजी लॅपटॉपकडे बघत राहते.)

नात : बोल ना काहीतरी. परत घालू? आत्ता बसून करते.

आजी : ती येणार आहे कॉलेजात बघायला?

नात : हो. मुलगा व्हीलचेअरवरून आणणारेय. साडी काढून ठेवलीय तिनं, मोरपंखी.

आजी : मोरपंखी? तिला मेलीला कधी शोभली नाही ती.

नात : आजी!

आजी : राहू दे तसंच.

नात : पण मग ते खोटं होईल ना?

आजी : खोटं नाही गं. 'नाही' मीच म्हटलंय. तुझ्या फिल्ममधल्यासारखं धावतपळत नाही आलं, इतकंच. ते मांजराचं हसू मात्र काढ.

नात : काढते. आणि शेवटी काळ्या पडद्यावर पुढे कुणाचं काय झालं ते येतं. ऐक. 'आई अंथरुणावर नऊ वर्षं जगली. वडील तिच्यामागोमाग गेले. धाकटी मोठ्या इस्पितळाची मेट्रन म्हणून निवृत्त झाली. थोरली...' इथे अडलेय. थोरलीचं काय लिहू?

आजी : काही नको. नुसतं 'थोरली' लिही. आणि लगेच पुसू नकोस, राहू दे थोडा वेळ.

नात : किती वेळ?

आजी : तू कापलास तेवढा.