बोलणारं कुलूप आणि शंकासुर

मुलगी: बाबा, मोबाइल खाली ठेवा आणि माझ्याकडे बघून सांगा. ‘शंकासुर’ तुम्हीच ना?

बाबा: कोण शंकासुर?

मुलगी: त्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवरचा. प्रत्येक बातमीखाली ज्याची निबंधाएवढी कॉमेंट असते, तो.

बाबा: असेल कोणी अभ्यासू माणूस.

आई: अहो, काल जेवताना मला वाचून नाही का दाखवलंत? रॉकेटवाल्यांना चांगलं झापलंय म्हणून.

बाबा: तू भाजी बघ, करपेल.

आई: अजून चिरतेय.

मुलगी: रॉकेट? बाबा, टीव्हीचा आवाज गेला तर तुम्ही मला ऑफिसात फोन करता!

बाबा: टीव्हीचं वेगळं. रॉकेटमध्ये तत्त्वाचा प्रश्न होता. पण तुला कसं कळलं?

मुलगी: ‘आमची कन्या कुलूप लावून तीनदा ओढून बघते, या यंत्राला तेवढीही अक्कल नाही.’ असं दुसरं कोण लिहिणार?

बाबा: अगं, ते बोलणारं कुलूप! वाचलंस तू? काय डोकं लढवलंय! घरात कोणी नाही, दार चुकून उघडं राहिलं, की हे कुलूप जिन्यात बोंबलतं, ‘दार उघडं आहे! दार उघडं आहे!’ मी लिहिलं, आता कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय तेही सांगून टाका. लोक नुसते लोळताहेत हसून. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल गं?

मुलगी: माझ्या.

बाबा: म्हणजे... तुमच्या कंपनीच्या?

मुलगी: कुलूप कंपनीचं. बोंबलायची कल्पना माझी. आवाजही माझाच.

आई: तरी त्या बातमीतला कुलपाचा व्हिडिओ लावलात तेव्हा मी म्हटलं होतं, आवाज ओळखीचा वाटतोय!

बाबा: आवाज छान आहे.

मुलगी: बाबा!

बाबा: पुसून टाकतो कॉमेंट. आत्ताच्या आत्ता. पुसायचं बटण कुठे असतं गं?

मुलगी: काही उपयोग नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर गुंडाळा.

बाबा: अरे देवा.

मुलगी: मी तुम्हाला याचं पहिलं, कच्चं चित्र दाखवलं होतं. इथेच, या टेबलावर. काय म्हणालात?

बाबा: छान.

मुलगी: नुसतं छान! आणि अनोळखी लोकांना दोन-दोन पानं!

बाबा: शाळेत तू पुठ्ठ्याचा पूल केला होतास. मी म्हटलं, खांब तिरके आहेत. किती दिवस बोलली नाहीस माझ्याशी. तेव्हापासून घरात मी छानच म्हणतो.

मुलगी: मी चौथीत होते, बाबा!

आई: एक मिनिट. माझ्या भाजीलाही तुम्ही रोज छानच म्हणता.

बाबा: तो... तो वेगळा विषय आहे.

मुलगी: सरका जरा, खुर्ची घेते. समजा, कुलूप ओरडलंच नाही. गुपचूप मालकाच्या फोनवर निरोप पाठवला. मग?

बाबा: छा...

मुलगी: बाबा.

बाबा: आणि फोन घरातच विसरला असेल तर?

मुलगी: हं. पुढे?

बाबा: पुढे बरंच आहे. रडणार नाहीस ना?

मुलगी: रडेन थोडी. तुम्ही थांबू नका.