गोंडपिपरीचं आरमार

…नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू पत्रूभाऊ, तिचा पाय हलते — इथी बसा, कॉम्प्युटरसमोर, पंख्याखाली. आमच्या रंभेच्या हातचे पोहे झाले न पोटभर? चहाही येऊनच राह्यला. आणि पोरगीही येऊनच राह्यली. सकाळी सातच्या बसनं चंद्रपूरले गेली, ब्लाउज शिवाले टाकलं होतं ते आणाले — तुम्ही पाहाले येणार म्हणूनच न! बारापर्यंत येतो म्हणाली. मी म्हणलं, ब्लाउज आणाले एवढी मोठी बॅग कायले? तर म्हणे चादरी हायेत, मशीनमध्ये धुऊन आणतो. गुणाची हाये जी. जाताना पाया पडली माझ्या. एरवी पडत नाई, आज पडली. मी म्हणलं, पाहुणे येणार म्हणून सराव करून राह्यली असेल.

तेवढ्यात तुम्हाले एक गोष्ट दाखवतो. हे पाहा. काय दिसते? निळं दिसते. सगळं निळंच दिसेल, समुद्र हाये तो, प्रशांत महासागर — आणि हे बारीक बारीक ठिपके, ते बेटं. काय म्हणता? मी पाहिला का समुद्र? नाई बाप्पा. आष्टीच्या पुलावरून पुरातली वैनगंगा पाहिली, तेवढंच माझं पाणी. पण समुद्र पाहाची गरज काय? मी जल्मात धान पेरलं नाई, पण चौतीस वर्षं धानाचं गोदाम सांभाळलं का नाई? तसंच हे.

याले खेळ म्हणू नका बरं. पोट्टे मोबाइलवर ठो ठो करतात तो खेळ. ही लढाई हाये — जपान आणि अमेरिकेची, खरी झाली होती तशीच्या तशी. जहाजं हजारो, प्रत्येकाचं नाव वेगळं, प्रत्येकाच्या पोटात तेल किती, गोळे किती, कोणत्या जहाजाचा कप्तान कोण, तो घाबरट का धीट — सगळं लिहून हाये इथी. एक चाल म्हणजे लढाईचा एक दिवस. मी जपान. समोर अमेरिका म्हणजे मन्सूरभाई — चंद्रपूरले पठाणपुऱ्यात घड्याळं दुरुस्त करते, माझा शाळेतला दोस्त, त्यानंच हे लावून दिलं मले. तो आपली चाल फाइलमध्ये भरून मेलनं धाडते, मी माझी भरून परत धाडतो. रिटायर झालो त्या महिन्यात सुरू केलं, अडीच वर्षं झाली, नऊशे दिवस लढून झालो, आता कुठी चव्वेचाळीस सालचा जून लागला.

आता मी भरतो म्हणजे — हुकूम माझा. हात पोरीचा, उर्वशीचा. मले ते बारीक अक्षर दिसत नाई आणि माउस हातात उंदरासारखाच पळते. म्हणून मी इंडेंट लिहितो, गोदामातल्यासारखं मागणीपत्र. कागदावर, कार्बन लावून, तीन प्रती. कोणतं जहाज, कुठून कुठी, तेल किती, कोणाच्या सहीनं. आणि जहाज बंदराबाहेर जात असेल तर सोबत गेट पास — देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, पहिली प्रत मालासोबत. हसू नका. गोदामातून पोतं असंच निघते का? मंग एवढं साठ हजार टनाचं जहाज बिनसहीचं कसं निघेल? ती वाचते, यंत्रात भरते. अडीच वर्षात एक दिवस खाडा नाई. परीक्षेच्या दिवशी सकाळी भरलं, डेंग्यू झाला तवा सलाइन लावून भरलं. कधी कधी म्हणते, बाबा, आज हे तीन जहाजं बाहेर काढू, मन्सूरकाकाचं तेल संपलं हाये, मोका हाये. मी म्हणतो, तू भर. विचार कराले मी हावो.

बेटांची नावं माझ्या जिभेवर बसत नाई, म्हणून मी आपल्याकडच्या गावांची देऊन टाकली. हे मूल. हे पोंभुर्णा. हे खालचं — हे राजुरा. काल राजुऱ्यावर लई बॉम्ब पडले. तुमचं नाई हो! घाबरता काऊन? बसा, बसा. आणि हे मोठं बंदर, ही आपली गोंडपिपरी. चारही बाजूंनी खडक, आत शांत पाणी. माझं अख्खं आरमार इथी हाये — विमानांची नऊ जहाजं, युद्धनौका अकरा, आणि ही सगळ्यात मोठी, यामातो, दुनियेत तेवढी मोठी झालीच नाई. कुठी लढली? लढली कायले? नांगरावर हाये. चव्वेचाळीस सालचा जून लागला आणि तिले एक ओरखडा नाई! मन्सूरभाईनं बेटांवरच्या तोफांपुढे आपली अर्धी जहाजं बुडवून घेतली, उधळ्या माणूस. मूल गेलं, पोंभुर्णा गेला, राजुरा आज-उद्या जाईल — जाऊ द्या. बेटं जातात. स्टॉक पूर्ण हाये.

ही सवय आजची नाई पत्रूभाऊ. तुम्हाले सांगतो — एका सालचा पावसाळा होता, आमच्या खरेदी केंद्राचं गोदाम धानानं छतापर्यंत भरलेलं. वरून निरोप, माल सोडा, पाणी शिरून राह्यलं. मी म्हणलं, सोडतो, तिसरी सही कुठी हाये? तिसऱ्या सहीचा साहेब सुटीवर. मी कुलूप काढलं नाई. सव्वा महिना. मंग चौकशी आली, दार उघडलं — तर पोत्यापोत्यातून हिरवे कोंब निघालेले, हातभर, असं वाटे गोदामातच रोवणी झाली. चौकशीवाले नाकाले रुमाल लावून मोजत होते. मोजलं. एक पोतं कमी भरलं नाई! एक! सगळा माल फेकावा लागला तो भाग वेगळा. पण कमी भरलं नाई.

तर मी काय म्हणत होतो — हो, तुमचा अजय. दुकान चांगलं चालते म्हणता, निर्व्यसनी हाये म्हणता, चांगलं हाये. पण त्याले कॉम्प्युटर येते का? टायपिंग? नाई, असंच विचारलं. तुमच्या घरी नेट कसं हाये, रोज येते का मधीमधीच? राजुऱ्याहून इथी यायले दीड तास धरू. माझं म्हणणं एवढंच, लग्न झाल्यावर आठवड्यातून चार दिवस उर्वशी इथी राहील. तीन दिवस तुमच्याकडे. पंचेचाळीस साल संपेपर्यंत. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षं, फार नाई. आधीच्या पाहुण्याइले हेच सांगितलं तर ते चहा न घेता उठले. सात स्थळं आली जी, सातही घाईवाले. लोकाइले पोरगी दिसली का लगेच न्याले पाहिजे. अरे, पोरगी म्हणजे काय — असो.

नोकरी? कोणी सांगितलं तुम्हाले नोकरीचं? बरं, बरं, राजुऱ्यापर्यंत गेलं म्हणजे. हो, परीक्षा देते ती. हुशार हाये न. पहिली ऑर्डर नागपूरची आली होती. मी म्हणलं, उन्हाळा हाये, दिवाळीनंतर पाहू. त्याइनं दिवाळीपर्यंत थांबलं नाई, मी काय करू? दुसरी हैदराबादची — ती उर्वशीले माहीतच नाई. तुम्ही घरचे म्हणून सांगतो. त्याचं असं हाये, घरात मेल एकच, मन्सूरभाईच्या फाइली येतात तोच. तिनं अर्जावर तोच दिला. मी रोज सकाळी उठून फाइल आली का पाहातो — तेवढं मले येते, निळं दाबायचं, उघडते — तर मधी हैदराबाद. मी चौकातल्या दुकानातून प्रिंट काढून आणली, टिनाच्या पेटीत ठेवली. फेकली नाई! मी आतापर्यंत काईच फेकलं नाई. पेटीची चावी इथी, करदोट्याले. आंघोळीची वेळ सोडली तर कमरेची सुटत नाई.

आणि मागच्या पंधरवड्यात तिसरी आली. विशाखापट्टणम. बंदराच्या ऑफिसात, जहाजं कधी येणार, कधी जाणार, ते लावून द्याचं काम. म्हणजे पाहा, जे इथी बसून करते तेच. मंग तिथं जाऊन कायले कराचं? वीस तारखेपर्यंत हजर व्हा म्हणे. आज अठरा. दोन दिवसांनी आपोआपच मुदत जाते, बोलाचंच काम नाई. तिथं वादळं येतात पत्रूभाऊ. खारी हवा, लोखंड गंजते तिथं. इथी घरात पंखा हाये, आई हाये, सगळं हाये. सव्वीस वर्षं सांभाळलं, एक ओरखडा नाई.

तोंड काऊन असं केलं? तुमच्या भल्याचंच हाये की. ती विशाखापट्टणमले गेली असती तर तुम्ही आज कोणाले पाहाले आले असते?

फक्त एक भानगड झाली — प्रिंट काढली, हैदराबादचा मेल तर फाइलींखाली आपोआप दबला होता, पण हा यंत्रातून पुसाचा कसा ते मले येईना. उर्वशीले तर विचारू शकत नाई. मन्सूरभाईले फोन लावला. दुश्मन हाये, पण दोस्त हाये. सगळं सांगितलं त्याले. त्यानं दोनदा विचारलं, उर्वशीले माहीत हाये का. मंग म्हणे, कचऱ्याच्या डब्याचं चित्र हाये, ते दाब. आणि फोन ठेवून देला. एवढ्या वर्षात पहिल्यांदा त्यानं माझ्याआधी फोन ठेवला. घड्याळाचं गिऱ्हाईक आलं असेल.

हे पाहा, वाजलं! आली फाइल. कालच्या इंडेंटची चाल. काल काय लिहिलं होतं मी — यामातो, नांगरावर. बाकी सर्व, नांगरावर. रोज तेच लिहितो, आता तर इंडेंट पाठ झाला. निळं दाबतो. पाहा तुम्ही, गोंडपिपरीवर बोट ठेवलं का आकडा येते, बंदरात जहाजं किती. आतापर्यंत एकशे सेहेचाळीस. पाहा —

तुमच्यापाशी चष्मा हाये का पत्रूभाऊ? घाला बरं. काय लिहून हाये? माझ्या डोळ्याले काईतरी — शून्य? एक आणि शून्य का नुसतं शून्य? नुसतंच?

असं कसं. हे चुकलं यंत्राचं. वर आग कायची दिसते, पोंभुर्ण्याजवळ — ते जहाजं कोणाचे — थांबा, मन्सूरभाईनं खाली काई लिहिलं हाये, वाचा तुम्ही, मोठ्यानं वाचा. … पुन्हा वाचा. "गुणवंता, काल पहिल्यांदा तुझं अख्खं आरमार बाहेर निघालं. नऊशे दिवसात पहिल्यांदा घाम फुटला मले. माझी विमानांची तीन जहाजं बुडाली, तुझी दोन. यामातो अजून चालून राह्यली. चाल तुझी नाई, हे मले पहिल्याच गोळ्यात समजलं. उर्वशीले माझ्या पोरानं, अकरमनं, ऑटोत बसवून बल्लारशा स्टेशनवर सोडलं, जेवण बांधून देलं हाये, काळजी करू नको."

चादरी म्हणे.

थांबा. चावी माझ्या कमरेले हाये. ही काय. पेटी उघडल्याशिवाय ऑर्डर — थांबा, ती पेटी इकडे ओढा जरा. … नाई. नाई इथी. विशाखापट्टणम नाई. हैदराबादही नाई. चावी कमरेले आणि — रंभे! ए रंभे, सकाळी मी आंघोळीले गेलो, चावी खुंटीवर होती, तवा टॉवेल कोणी — दारात काऊन उभी हायेस अशी? चहा कुठी हाये?

हे काय हाये तळाले? माझाच कागद दिसते. गेट पास. अक्षर तिचं. "माल — एक नग, पोरगी, वय वर्षे सव्वीस, सुस्थितीत. कोठून — गोंडपिपरी. कोठे — विशाखापट्टणम. घेणाऱ्याची सही —" ही तिची. पूर्ण नाव लिहिलं, उर्वशी गुणवंतराव. "देणाऱ्याची सही —" कोरं.

कोरंच ठेवलं तिनं. आणि दोनच प्रती हायेत. पहिली प्रत मालासोबत गेली. नियमानं. शिकवलं होतं मीच. पण बिनसहीची गेली पत्रूभाऊ, बिनसहीचा माल कुठंही अडवतात…

कुठली गाडी असेल ती? किती वाजता सुटते बल्लारशाहून?

तुमच्यापाशी पेन हाये का? खिशाले हाये की. द्या.

या तुम्ही आता. अजयले सांगा — काई सांगू नका. बस चौकातूनच मिळते. … नाई, पेन इथीच राहू द्या.