आठवा आवाज

बाजारात ओळखतात ते नाव कानसेन, वय ५४ वर्षे, धंदा टायरचे काम, राहणार दुकानाच्याच माडीवर. कोणी बोलावले नसताना ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की,

मी बत्तीस वर्षे टायरचे काम करतो. पहिली आठ वर्षे दुसऱ्याच्या दुकानात पाने उचलले, मग स्वतःचे दुकान टाकले. टायरमधली बारीक गळती मी पाण्यात न बुडवता, नुसता कान लावून दाखवतो. त्यावरून हे नाव पडले.

वाळूत गाडी न्यायची तर चालकाला तिथे पोचल्यावर टायरची हवा सोडून दहा पौंडांवर आणावी लागते. एवढ्या कमी हवेत वळणावर टायरची कड रिमवरून सुटू शकते. म्हणून आत दुसरा, जाड फुगा बसवतात. त्यात पन्नास पौंड हवा भरली की तो टायरच्या दोन्ही कडा रिमला दाबून धरतो. अशा चाकाला दोन वॉल्व्ह असतात. फुग्याच्या वॉल्व्हला मी लाल टोपी लावतो आणि तिच्या सांध्यावर रंगाचा ठिपका देतो. कोणी टोपी उघडली तर ठिपका फुटतो.

माझी रीत अशी, की आधी फुगा भरायचा, टायर मागाहून. फुगा भरताना एकेक कड जागेवर बसते तेव्हा टक् असा आवाज येतो. एका चाकाचे दोन, चार चाकांचे आठ. काटा फुग्यातला दाब दाखवतो. कड बसली की नाही, हे काटा सांगत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जीप घेऊन आले. त्यांना मी दाजी म्हणतो. ते मोजणी खात्याची गाडी चालवतात. सोबत मोजणीदार होते. शेवटचे, म्हणजे मागचे डावे चाक भरत असताना मोजणीदार म्हणाले, "दाजी, मेव्हण्यासमोर जपून बोला. याला भिंतीपलीकडचं ऐकू येतं." दाजी म्हणाले, "कसलं काय. याची बहीण कामाला हाक मारते तेव्हा ठार बहिरा असतो." आम्ही तिघेही हसलो. मी सर्वांत मोठ्याने.

हसू थांबले तेव्हा काटा पन्नासवर होता. मी विचारले, "दुसरा वाजला का?" दाजी म्हणाले, "तुला नाही आला ऐकू, तर आम्हाला काय येणार? वाजला असेल." मोजणीदार म्हणाले, "आटपा, ऊन चढेल." फुगा रिकामा करून पुन्हा भरायला दहा मिनिटे लागली असती. मी टोपी लावली, ठिपका दिला. त्या सकाळी मी सात आवाज ऐकले.

दुपारी दोन वाजता नदीच्या कोरड्या पात्रात वळताना मागचे डावे टायर रिमवरून सुटले व जीप उलटली. मोजणीदार जागीच गेले. ते अकरा वर्षे माझ्या दुकानात येत होते व नेहमी त्याच स्टुलावर बसत. दाजी रुग्णालयात आहेत, अद्याप बोलत नाहीत. त्यांनी चुकून लाल टोपी उघडून फुग्याची हवा सोडली, असे धरून गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला आहे.

शुक्रवारी रुग्णालयाच्या जिन्यात बहिणीने मला विचारले, "तुला यातलं कळतं. यांनी भलतीच टोपी उघडली का रे?" मी जेवणाचा डबा तिच्या हातात दिला आणि खाली उतरलो.

आज ठाण्याच्या आवारात ठेवलेली जीप मला दाखवण्यात आली. मागच्या डाव्या चाकाच्या लाल टोपीवरचा ठिपका शाबूत आहे. बाकीच्या तीन चाकांत टायरची हवा बरोबर दहा आहे. दाजींनी हवा सोडली ती योग्य वॉल्व्हमधून व योग्य तेवढी. चूक माझ्या दुकानात, माझ्या हातून झाली.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. जमादार मला वीस वर्षे ओळखतात. त्यांनी "आठ आवाज ऐकले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून "सात" करून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.